विडीवरचा कर आणि ‘उणे ०.९’ : एक शोधनिबंध नीट वाचूया

तंबाखूवरच्या कराबद्दल काहीही वाचायला घ्या, एक आकडा तुम्हाला भेटणारच. ‘किंमत १० टक्क्यांनी वाढली की खप इतक्या टक्क्यांनी घटतो.’ धोरणाच्या अहवालात तो असतो, वर्तमानपत्रात असतो आणि पीएच.डी.च्या प्रस्तावातल्या पहिल्या दोन पानांतही असतो. हा आकडा येतो कुठून, तो काढताना कशावर विश्वास ठेवावा लागला, आणि कर्करोग किंवा हृदयविकार टाळण्याच्या चर्चेत तो किती भार पेलू शकतो, हे प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. आज ते विचारूया.

त्यासाठी मी एकच निबंध निवडला आहे. रिजो जॉन यांचा ‘प्राइस इलॅस्टिसिटी एस्टिमेट्स फॉर टोबॅको प्रॉडक्ट्स इन इंडिया’. तो २००८ मध्ये ‘हेल्थ पॉलिसी अँड प्लॅनिंग’ या नियतकालिकात आला. भारतातल्या तंबाखूकराच्या चर्चेत त्याचा आधार वारंवार घेतला जातो. टीका करायची तर अशाच कामावर करावी. ढिसाळ निबंधातल्या चुका काढून आपण काहीच शिकत नाही. चांगल्या निबंधाच्या मर्यादा शोधताना मात्र आपल्या विषयाचं हाड कुठे आहे ते कळतं.

निबंध काय म्हणतो

थोडक्यात सांगते. किमतीतल्या फरकाला मागणी किती प्रतिसाद देते, याला लवचीकता म्हणतात. लवचीकता उणे ०.९ असेल तर १० टक्के दरवाढीमागे खप साधारण ९ टक्के घटतो. या निबंधात भारतातल्या वेगवेगळ्या तंबाखू उत्पादनांची लवचीकता उणे ०.४ ते उणे ०.९ या पट्ट्यात येते. विडी आणि पानतंबाखू ‘एक’च्या जवळ, तर सिगारेट सर्वांत कमी लवचीक. यावरून पुढचा धोरणात्मक निष्कर्ष असा : विडीवरचा तेव्हाचा कर हजारी १४ रुपये होता, तो १०० रुपयांपर्यंत नेला तरी सरकारचा महसूल बुडण्याची भीती नाही.

हे म्हणणं साधं नव्हतं. ‘विडी गरिबाची, तिच्यावर कर नको’ आणि ‘कर वाढवला तर महसूल जाईल’ अशी दोन वाक्यं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली आहेत. त्यातल्या दुसऱ्या वाक्याला या निबंधाने आकड्यांनी उत्तर दिलं.

आकडा काढला कसा

इथे जरा थांबा, कारण टीकेची खरी जागा पद्धतीत आहे.

अडचण अशी होती की भारतात तंबाखूच्या किमतींची वर्षानुवर्षांची, राज्याराज्यांची नीट मालिका उपलब्ध नाही. मग आधार घेतला राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा. त्यात घरोघरी विचारतात : महिन्याभरात विड्या किती घेतल्या आणि त्यावर पैसे किती गेले? किंमत कुणी विचारत नाही. खर्चाला नगांनी भागलं की सरासरी दर निघतो. पण हा दर म्हणजे किंमत नव्हे. ज्याच्या हातात पैसा जास्त तो महागडा छाप घेतो, म्हणून त्याचा दर वर जातो. शिवाय आठवून सांगण्यात चुका होतात, त्याही या दरात मिसळतात.

यावर अँगस डीटन यांनी १९८८ मध्ये एक उपाय सुचवला. (पुढे २०१५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) उपायाचा गाभा एका गृहीतकात आहे : एकाच गावात, एकाच काळात पाहणी झालेल्या सगळ्या घरांना बाजारातली किंमत सारखीच असते. म्हणजे गावातल्या दोन घरांच्या दरात फरक दिसला तर तो किमतीचा नाही, तो पसंतीचा किंवा आठवणीतल्या चुकीचा. गावाच्या आतल्या फरकावरून या दोन्ही भेसळी मोजायच्या आणि वजा करायच्या. त्यानंतर गावागावांत जो फरक उरतो तो खरा किमतीचा फरक मानायचा. मग महाग गावात खप किती कमी आणि स्वस्त गावात किती जास्त, यावरून लवचीकता काढायची.

पद्धत हुशार आहे, यात वाद नाही. तांदूळ, डाळ, भाजी यांच्यासाठी ती पटतेही. डोंगरातल्या गावात माल पोचवायला खर्च लागतो, म्हणून तिथे भाव चढा असतो. भावातला हा फरक गावकऱ्यांच्या आवडीनिवडीतून आलेला नसतो.

आता हेच तंबाखूला लावा.

पहिली शंका : किमतीत फरक आला कुठून?

सिगारेटच्या पाकिटावर एमआरपी छापलेली असते. एका छापाच्या पाकिटाची छापील किंमत गडचिरोलीत आणि पुण्यात सहसा वेगळी नसते. मग निदान राज्यांचे कर वेगळे असतील? तर तेही नाही. १९५७ पासून साखर, कापड आणि तंबाखू यांवर राज्यं विक्रीकर लावत नव्हती. त्याऐवजी केंद्र जादा उत्पादनशुल्क गोळा करून राज्यांना वाटा देत असे. तंबाखूवर राज्यांना व्हॅट लावता आला तो २००७ पासून. निबंध २००८ चा आहे, म्हणजे त्यातली पाहणी या बदलाच्या आधीची.

मग गावागावांत सिगारेटचा दर वेगळा दिसला तो कशामुळे? एक शक्यता अशी की काही ठिकाणी लोक लांब, फिल्टरवाली सिगारेट जास्त घेतात आणि काही ठिकाणी आखूड. काही ठिकाणी पाकीट घेतात, काही ठिकाणी टपरीवर सुटी. म्हणजे आपण ज्याला किमतीचा फरक समजतोय, तो बऱ्याच अंशी संपूर्ण गावाच्या पसंतीचा फरक असू शकतो. गावाच्या आतली पसंती डीटन यांची पद्धत वजा करते. पण अख्ख्या परिसराची आवडच वेगळी असेल तर ती गावांमधल्या फरकात शिल्लक राहते आणि किंमत म्हणून वावरते.

विडीचं तसं नाही. विडीचे कारखानदार छोटे, स्थानिक, शेकडो. सिन्नरची विडी वेगळी, निपाणीची वेगळी. वाहतूक, स्थानिक स्पर्धा, कर चुकवणाऱ्या छोट्या उत्पादकांचं प्रमाण यांमुळे विडीच्या भावात खरा प्रादेशिक फरक असू शकतो. म्हणून माझं मत असं : याच निबंधातला विडीचा आकडा सिगारेटच्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे. ‘सिगारेट सर्वांत कमी लवचीक’ हे वाक्य उद्धृत करण्याआधी मात्र मी दोनदा विचार करीन. ते सिगारेट ओढणाऱ्यांच्या वागण्याबद्दल आहे की मोजपट्टीबद्दल, हे त्या माहितीवरून वेगळं काढणं अवघड आहे.

तुमच्यासाठी धडा : कुठल्याही अभ्यासात स्वतंत्र चल बदलतो म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, *तो बदलला का?* प्रयोगशाळेत आपण तो स्वतः बदलतो, म्हणून विज्ञान शाखेच्या मुलांना हा प्रश्न सुचतच नाही. पाहणीच्या माहितीत मात्र सगळा जीव त्याच प्रश्नात असतो.

दुसरी शंका : उत्तर दिलं कुणी?

घरखर्चाच्या पाहणीत साधारणपणे घरातली एक व्यक्ती सगळ्यांच्या वतीने उत्तर देते. तांदूळ किती लागला हे ती नेमकं सांगेल. पण कामावर जाताना टपरीवर खाल्लेली पुडी, कॉलेजच्या कोपऱ्यावर ओढलेली सुटी सिगारेट, सुनेची मिश्री? यातलं बरंच तिला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी ती सांगेलच असं नाही.

नुसता खप कमी नोंदला गेला असता आणि सगळीकडे सारख्याच प्रमाणात, तर लवचीकतेवर फारसा परिणाम झाला नसता. टक्केवारीला ते चालतं. पण लपवाछपवी सारखी नसते. नव्याने सुरुवात करणारी मुलं आणि लपून वापरणाऱ्या बायका या पाहणीतून जास्त गळतात. आणि दीर्घ मुदतीच्या आजारांच्या दृष्टीने कराचा सर्वांत मोठा उपयोग कुणावर अपेक्षित आहे? सुरुवात करू पाहणाऱ्या मुलांवरच. म्हणजे धोरणाला ज्यांची लवचीकता हवी आहे, नेमके तेच या आकड्यात सर्वांत पुसट आहेत.

तिसरी शंका : १४ वरून १०० पर्यंतची उडी

आता थोडं गणित. आकडे सोपे यावेत म्हणून काल्पनिक घेते. समजा विड्यांच्या एका गठ्ठ्याची किंमत १०० रुपये, त्यात कर १० रुपये. असे १०० गठ्ठे विकले जातात. महसूल १,००० रुपये. आता कर सातपट केला, ७० रुपये. सगळा भार ग्राहकावर पडला तर किंमत १६० रुपये, म्हणजे ६० टक्के वाढ. लवचीकता उणे ०.९. खप किती उरेल?

सरळ रेषेने गेलात तर ६० गुणिले ०.९, म्हणजे ५४ टक्के घट. उरले ४६ गठ्ठे. महसूल ३,२२० रुपये.

लवचीकता प्रत्येक टप्प्यावर तीच राहते असं मानून घातांकाने गेलात तर उरले साधारण ६५ गठ्ठे. महसूल सुमारे ४,६०० रुपये.

दोन्ही उत्तरं ‘उणे ०.९’ मधूनच आली. दोन्हीत महसूल वाढला, तिपटीहून जास्त. म्हणजे ‘महसूल बुडणार नाही’ हा निबंधाचा निष्कर्ष मजबूत आहे. का? कारण सुरुवातीला किमतीत कराचा वाटाच इतका कमी आहे की कर सातपट होतो तेव्हा किंमत सातपट होत नाही. महसूल आणि कर यांवर पोस्टर करणाऱ्या प्रत्येकाने हा मुद्दा पाठ करावा.

पण खप? एका वाटेने निम्म्याहून जास्त गेला, दुसऱ्या वाटेने जेमतेम एक-तृतीयांश. किमतीतल्या छोट्या फरकांवरून काढलेला आकडा एवढ्या मोठ्या उडीला लावला की निकाल माहितीवर कमी आणि तुम्ही निवडलेल्या समीकरणावर जास्त अवलंबून राहतो. म्हणून हाच निबंध अर्थखात्यासाठी भक्कम पुरावा आहे आणि आरोग्यखात्यासाठी तुलनेने कच्चा. उद्धृत करणारे बहुतेक जण हा फरक करत नाहीत.

आणि ‘सगळा भार ग्राहकावर पडला’ हे आपण मानलं, बरं का. प्रत्यक्षात कंपन्या पुडीचा भाव तोच ठेवून आतला माल कमी करू शकतात. सिगारेटवर लांबीनुसार कर असतो, म्हणून आखूड सिगारेट बाजारात आणू शकतात. छोटे विडी उत्पादक कराच्या जाळ्याबाहेर राहू शकतात. जीएसटीपूर्वी वर्षाला २० लाखांपेक्षा कमी विड्या करणाऱ्या बिनछापाच्या उत्पादकांना उत्पादनशुल्क माफ होतं. कारखान्याचे दोन तुकडे कागदावर करायला कितीसा वेळ लागतो?

चौथी शंका : खप घटला म्हणजे आजार घटला का?

ही उडी निबंधात नाही, तो उद्धृत करणाऱ्यांच्या प्रस्तावनेत असते. ‘खप ९ टक्के घटेल, म्हणजे तंबाखूजन्य आजार ९ टक्के घटतील.’ असं होत नाही.

खप दोन रीतींनी घटतो. दहातल्या एकाने विडी कायमची सोडली, किंवा दहाही जणांनी रोजची दहावी विडी सोडली. लवचीकतेला दोन्ही सारखेच. हृदयाला नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्याला वीस ओढणाऱ्याच्या वाढीव हृदयधोक्याचा साधारण निम्मा धोका येतो. विसाव्या हिश्शाला निम्मा धोका! भारतापुरतं बोलायचं तर प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा २००८ चाच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला अभ्यास आहे. देशभरातल्या ११ लाख घरांमधल्या मृत्यूंवरून त्यांनी दाखवलं की विडी ओढणारे पुरुष सरासरी ६ वर्षं आणि स्त्रिया ८ वर्षं आयुष्य गमावतात. मोजक्याच विड्या ओढणाऱ्यांनाही मृत्यूचा धोका वाढलेलाच होता.

म्हणजे आरोग्यासाठी महत्त्वाचं काय, तर किती जणांनी *सोडली* आणि किती जणांनी *सुरूच केली नाही*. एकूण लवचीकता या दोन्हींना कमी ओढणाऱ्यांपासून वेगळं करत नाही. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग आणि दम्यासारखा चिवट श्वसनविकार आज ओढलेल्या विडीतून उद्या होत नाहीत, त्यांना दशकं लागतात. करवाढीनंतर पाच वर्षांत कर्करोग कमी झाला नाही म्हणून कर निष्फळ ठरवणं आणि झाला म्हणून करालाच श्रेय देणं, दोन्ही तितकंच घाईचं.

आणखी एक. विडी महाग झाली आणि माणूस तंबाखू-चुन्याकडे वळला तर? विडीचा खप घटेल, तोंडाचा कर्करोग नाही. महाराष्ट्रात ही शंका कागदी नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. (बेरीज जास्त भरते, कारण काही जण दोन्ही करतात.) इथे सिगारेटच्या लवचीकतेवर धोरण बेतणं म्हणजे दुखणं पोटाला आणि औषध पायाला. आणि ज्या घरात तंबाखू भाजून मिश्री घरीच करतात तिथे कराचा हात पोचतो तरी किती?

मग निबंध टाकून द्यायचा का?

अजिबात नाही. मला तर वाटतं, सरकारने तो अजून नीट वाचलेलाच नाही. विडी लवचीक आहे, तिच्यावर कर कमी आहे आणि तो वाढवायला जागा आहे, ही तीन विधानं वरच्या चारही शंकांतून सुखरूप बाहेर येतात. उलट झालं काय ते पाहा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा विडीवर २८ टक्के कर लागला, पण सिगारेटवर असलेला भरपाई उपकर विडीला लागला नाही. आता तुम्हीच हिशोब करा : १०० च्या मालावर २८ कर, म्हणजे १२८ मधले २८, किमतीच्या सुमारे २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटना किमान ७५ टक्के सुचवते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने इतर तंबाखू ४० टक्क्यांच्या गटात टाकण्याचं ठरवलं आणि विडी २८ वरून १८ वर आणली. १८ भागिले ११८, म्हणजे सुमारे १५ टक्के. ७५ च्या दिशेने जायचं होतं, आपण उलटे चाललो आहोत.

यामागे रोजगाराचं कारण दिलं जातं, आणि ते खोटं नाही. सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. लवचीकता ‘एक’च्या जवळ असेल तर करवाढीने त्यांचं काम घटणारच. हे मान्य न करता कराची बाजू मांडणं अप्रामाणिकपणाचं आहे. पण याच रिजो जॉन यांचा त्याच वर्षीचा दुसरा निबंध दाखवतो की तंबाखू घेणाऱ्या घरांत दूध, शिक्षण, स्वच्छ इंधन यांवरचा खर्च कमी पडतो, आणि त्याची झळ बायकामुलांना बसते. कमी करातून वाचवलेली मजुरी आणि विडीत गेलेलं दूध, दोन्ही एकाच वस्तीतली असतात. खरा वाढीव महसूल त्या कामगारांच्या दुसऱ्या रोजगारावर खर्च करा, ही मागणी इथूनच उभी राहते. आणि वाढीव महसूल मिळेल, हे आपण वर पाहिलंच.

तुम्हाला काम करायचं असेल तर

वरच्या प्रत्येक शंकेत एक संशोधनप्रश्न दडला आहे. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सांगते.

२००७ ते २०१७ या दहा वर्षांत राज्यांनी तंबाखूवर स्वतःचे, वेगवेगळे व्हॅटदर लावले आणि बदलले. म्हणजे पहिल्या शंकेत जो खरा किमतीचा फरक आपल्याला सापडत नव्हता, तो इथे सरकारांनीच निर्माण करून ठेवला आहे. एका राज्याने कर वाढवला, शेजारच्याने नाही, सीमेच्या दोन्ही बाजूंना काय झालं? जीएसटीने ही खिडकी बंद केली, पण त्या दहा वर्षांची अधिसूचनांची कागदपत्रं कुणीतरी बसून गोळा करायला हवीत. काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते शिल्लक आहे.

अडचणही सांगते. घरखर्चाची मोठी पाहणी २०११-१२ ला झाली. त्यानंतरची २०१७-१८ ची, म्हणजे नेमकी जीएसटी लागू झाल्या वर्षाची. तिचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला. पुढची पाहणी थेट २०२२-२३ ची. तंबाखूच्या करात सर्वांत मोठा बदल झाला तेव्हाच आपली मोजपट्टी अंधारात होती. प्रस्ताव लिहिताना हे भोक कसं भरणार, याचं उत्तर तयार ठेवा. मुलाखतीत विचारतात.

आणि तोवर ‘उणे ०.९’ वापरायचाच असेल तर असं लिहा : ‘व्हॅटपूर्व काळातल्या घरखर्च पाहणीवरून, गावांमधल्या दरफरकांच्या आधारे, विडीची लवचीकता उणे ०.९ च्या आसपास अंदाजली आहे. या अंदाजात सोडणारे आणि कमी करणारे वेगळे केलेले नाहीत.’ वाक्य लांबलं, पण परीक्षक त्यावर बोट ठेवू शकणार नाही, आणि वाचणाऱ्याला हा आकडा कुठपर्यंत न्यायचा ते कळेल.